खाली संस्कृती, वर गुंतवणूक

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तुम्ही लागोपाठ फोन केलेत आणि मी उचलला नाही. नंतर ‘बाहेरगावी होते’ एवढाच निरोप पाठवला. त्यात खोटं काही नव्हतं. जपान महाडच्या बाहेरच आहे.

तुमच्या बाबांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी माझे गुडघे डॉक्टरांना दाखवले असते, विमा काढला असता, आणि एवढं सगळं करून शेवटी जाऊ दिलंच नसतं. म्हणून मी परत आले, कपडे धुतले, इस्त्री करून कपाटात ठेवले आणि मगच सांगितलं. पण तेव्हा त्यांच्या रागावण्यात निम्मी हकीकत राहून गेली. आता नीट, सुरुवातीपासून लिहिते. मध्ये कोणी बोलणार नाही, हा लिहिण्याचा मोठा फायदा.

या हकीकतीत मुख्य आहे ती तुमची धाकटी आजी. म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, माझी जाऊ. मी लग्न होऊन आले ती महाडात राहिले, शाळेत इंग्रजी आणि अडीनडीला मराठीही शिकवलं, जन्मभर लाल शाईचं पेन बाळगलं. ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आपल्या मूळ वाडीत राहिली. तिथल्या बायकांना गोळा करून तिने नाचणीच्या पापडांचं काम सुरू केलं. तुम्हाला दर वर्षी डब्यातून येतात आणि तुम्ही ज्यांना ‘चॉकलेटी पापड’ म्हणता, ते हेच.

या कामात एकच अडचण आहे, पण ती डोंगराएवढी आहे. पापडाला ऊन लागतं. आणि आमच्याकडे पाऊस एकदा बसला की चार महिने भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांना बुरशी येते. तेवढे महिने पापडांचं काम बंद. बायका हातावर हात धरून बसतात, आणि बसून कंटाळलेलं माणूस मुंबईचा विचार करतं. तिची सून वाडीत सगळ्यांत भरभर पापड लाटणारी. मुलगा पोलादपूरच्या नाक्यावरून जीप चालवतो. सुनेने स्वच्छ सांगून टाकलं होतं: आणखी एक पावसाळा असा रिकामा गेला, तर आम्ही दोघं पोरांना घेऊन मुंबईला जाणार. त्यात तिची चूक काही नव्हती. पण धाकटीला तेव्हापासून झोप नव्हती.

एकदा ती महाडला आली असताना तुमचा फोन आला. आपण बोललो, तुम्ही हात हलवलेत, मी हलवला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “ताई, तुमी नातवंडांशी काचेतून बोलता. मला नाय जमायचं ते. माजी नातवंडं मला अंगावर पडलेली पायजेत.”

मी चहा ठेवायला उठले. वाईट वाटलं म्हणून नव्हे, चहाची वेळ झाली होती.

अशात तिच्या गटाला एका सरकारी खात्याकडून फोनवर बोलावणं आलं. जपानात जगातल्या सगळ्या देशांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. प्रत्येक देश आपापलं दालन उभारतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, की बघा आम्ही किती सुंदर आहोत, आणि आमच्याकडे पैसे घालायला किती वाव आहे. थोडक्यात, मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखंच, फक्त पोह्यांऐवजी सरबत. आपल्या देशाच्या दालनात थोडे दिवस बसून पापड लाटून दाखवायला एक बाई हवी होती, आणि तिच्यासोबत इंग्रजी जाणणारं कोणीतरी. तिने माझं नाव दिलं. माझं वय ऐकून फोनवरच्या माणसाने विचारलं, “दुसरं कोणी नाही का, आजी? तरुण?”

“हाय की,” धाकटी म्हणाली, “पन ती विंग्रजीत चुका करतात.”

विमानात तिने आपला बेत सांगितला. तिला संस्कृती वगैरे दाखवण्यात रस नव्हता. “तिथं पैशेवाली मान्सं येतात म्हने. त्यातला एक धरते आनि पावसात वाळवन करायची खोली मागते. खोली झाली की सून ऱ्हाते.” एवढं बोलून तिने खिडकीचा पडदा खाली ओढला आणि उतरेपर्यंत झोपली.

दालन दोन मजली होतं. खालच्या मजल्यावर नृत्य, मेंदी, मसाले, हातमाग आणि आम्ही. वरच्या मजल्यावर बंदरं, महामार्ग, कारखाने, आणि भिंतीएवढे पडदे. दालन सांभाळणारे साहेब तुमच्या बाबांपेक्षा लहान होते. सतत कोट घालून असत आणि सतत घामाघूम. त्यांनी आमच्या गळ्यात हिरव्या फितीची ओळखपत्रं घातली. वरच्या लोकांची फीत निळी होती.

“एकच नियम लक्षात ठेवायचा,” साहेब म्हणाले. “खाली कल्चर, वर इन्व्हेस्टमेंट. मिक्स करायचं नाही.”

“मी कोन?” धाकटीने विचारलं.

“तुम्ही कल्चर.”

“आनि माजा पापड?”

“तोही कल्चर.”

“आनि पापड वाळवायची खोली?”

साहेबांनी घाम पुसला. प्रामाणिक माणूस होता. “ती खोली म्हणजे… इन्व्हेस्टमेंट. पण तशी खोली तुमच्याकडे नाहीये ना?”

“नाय म्हनूनच तर आलो.”

प्रदर्शन उघडण्याआधी त्यांनी आम्हाला एकदा वरचा मजला दाखवला, कारण धाकटी जिन्याच्या पायरीवरून हलेना. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा फिरत होता. महाडपाशी कारखान्यांचा एक निळा ठिपका लुकलुकत होता. धाकटीने चष्मा पुसून पोलादपूर शोधलं. ठिपका नव्हता. नुसता हिरवा रंग होता आणि त्यातून एक रस्ता घाट चढून महाबळेश्वरला गेला होता.

“आमी कुठं हाव?”

“हिरवं म्हणजे निसर्ग, आजी. टुरिझम.”

“निसर्गात मान्सं ऱ्हातात,” ती म्हणाली आणि खाली येऊन पोळपाट मांडून बसली.

आता जे झालं त्यात आमचा काही दोष नाही, हे मी आधीच नमूद करते. दालनात आगीला मनाई होती म्हणून पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजायचे होते. भाजलेल्या नाचणीचा वास जिन्याने वर जातो, आणि वासाच्या गळ्यात कुठली फीत नसते. वर मंडळींना जाडजूड पुस्तकं आणि थंड सरबत मिळत होतं. दुपार झाली की एकेक कोटवाला नाक वर करून जिना उतरू लागला. आमच्यापुढे रांग, वर खुर्च्या मोकळ्या. साहेबांनी जिन्याला दोरी लावली. दोन जपानी गृहस्थ ती नम्रपणे ओलांडून आले. मग साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्ही तरी त्यांना सांगा, की पापड थोडे कमी चांगले करा.”

मी म्हटलं, भाषांतर करून सांगते. नंतर राहून गेलं.

आमचे पाहुणे आले ते मात्र वरून नव्हे, सरळ रस्त्यावरून. माझ्याच वयाचे, ताठ बसणारे, टोपी काढून हातात धरलेले एक जपानी आजोबा. त्यांनी पापड घेतला, पण खाल्ला नाही. आधी त्याची कड मोडून बघितली, कानाशी नेऊन आवाज ऐकला, मग वास घेतला, आणि मग खाल्ला. धाकटीचं लाटणं थांबलं. इतकं नीट बघणारं गिऱ्हाईक तिला पोलादपूरच्या बाजारातही भेटलं नव्हतं.

“नाचनी हाय,” ती म्हणाली.

“हाय,” आजोबा म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं, मग परत त्यांच्याकडे. “डोंगरातली हाय.”

“हाय.”

“उन्हात वाळवलेला हाय.”

“हाय, हाय.” मान हलवत, डोळे मिटून.

“ताई,” धाकटी मला हळूच म्हणाली, “ह्यो तर आपल्याकडचाच हाय.”

मी पुढे सरसावले आणि स्वच्छ, प्रमाण मराठीत म्हणाले, “ही नाचणी आहे.” आजोबांनी माझ्याकडे नम्रपणे आणि कोऱ्या चेहऱ्याने पाहिलं. आयुष्यभर मी वाड्यांवरून शाळेत येणाऱ्या पोरांच्या वह्यांत ‘हाय’ खोडून ‘आहे’ लिहिलं, आणि साता समुद्रापार ‘हाय’लाच किंमत निघाली.

पण मी चौकशी केल्याशिवाय राहत नाही. शेजारच्या मेंदीच्या टेबलावर एक जपानी मुलगी मदतीला होती, तिला विचारलं. ती म्हणाली, की जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. पण पुष्कळदा नुसतं ‘ऐकतोय, बोला’ एवढंच. तोवर इकडे धाकटीने मूळ विषयाला हात घातला होता.

“आमच्याकडं चार महिने पाऊस हाय.”

“हाय.”

“वाळवायची खोली बांधून देनार हाय का?”

“हाय,” आजोबा अगदी मनापासून म्हणाले.

तिचा चेहरा असा उजळला, की तिला खरं सांगणं मला जड गेलं. पण सांगितलं. “अगो, तो ‘हो’ नाही म्हणाला. तो म्हणाला ‘ऐकतोय’.”

“तुमी विंग्रजीच्या. तुमाला जपानी काय कळतं? तुमचं ‘आहे’ तरी त्याला कळलं काय?”



नशिबाने आजोबांनी आपला फोन काढला. त्यात बोललं की तो दुसऱ्या भाषेत बोलतो. आपल्या बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या आवाजात फोन म्हणाला, “माझा तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा जुना कारखाना आहे. आता तो मुलगा चालवतो. मी निवृत्त आहे आणि त्याच्या कामात अडथळा आणतो. आमच्या गावीही फार पाऊस असतो.”

धाकटीने फोनकडे तोंड करून, लांबच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात सांगितलं, “या एकदा आमच्याकडं.”

फोनने ते जपानीत सांगितलं. आजोबांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, “कधी?”

तुम्ही परदेशात वाढलात, म्हणून हे समजावून सांगायला हवं. ‘या एकदा’ हे आपण निरोप घेताना म्हणतो. मी ते पालकांना म्हटलं आहे, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना म्हटलं आहे, एसटीच्या कंडक्टरलाही म्हटलं आहे. समोरचा ‘येऊ की’ म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेने सुखाने जातात. इतक्या वर्षांत कोणीही मला ‘कधी’ असं विचारलं नव्हतं. मी त्या माणसाच्या डायरीकडे बघतच राहिले. नीट रेघा मारलेली होती.

धाकटी गडबडेल असं मला वाटलं. ती दिवाळी म्हणू शकली असती. तेव्हा वाडी देखणी असते, खळी सारवलेली, भात घरात आलेलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “पावसात या.”

“अगो, पावसात कशाला? रस्ता, दरडी…”

“पावसातच. उन्हात येऊन काय बघनार, ऊन?”

आमच्याच तालुक्यातलं तळीये भर पावसात दरडीखाली गेलं, तेव्हापासून आम्ही भर पावसात कोणाला डोंगरात हौसेने बोलावत नाही. म्हणून मी मध्ये पडले. श्रावणात, जोर ओसरल्यावर या, आणि निघायच्या आधी आम्हाला विचारा, असं त्यांना नीट लिहून दिलं, आपला पत्ता देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत आणि खाली माझा ईमेल दिला. आजोबांनी ते डायरीत चिकटवलं. कोटाच्या खिशातून डिंकाची छोटी नळी काढून चिकटवलं, हे मुद्दाम सांगते. तेवढ्यात साहेब आले आणि कोणा मोठ्या पाहुण्यांसोबत फोटो काढायला धाकटीला नऊवारी नेसायला लावून उभं केलं.

आम्ही परत आलो आणि दोन दिवसांत वाडीभर झालं, की जपानवाल्याने ‘हाय’ म्हटलंय. मी भेटेल त्याला ‘हाय’चा अर्थ समजावत होते. सगळे माझं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “पन म्हटला का नाय?” सुनेने मात्र काही विचारलं नाही. ती म्हणाली, “श्रावण होईपर्यंत थांबतो आमी. मग बघू.” पाऊस लागला. काम बंद झालं. धाकटी ओल्या भिंतीकडे बघून रोज एकदा म्हणे, “येनार हाय तो.”

आणि आले. त्यांच्या नातीचा मला ईमेल आला. तिला चांगलं इंग्रजी येत होतं, आणि ती आजोबांना घेऊन येणार होती. मी ते पत्र छापून वाडीवर पाठवलं, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण ते सरपंचांच्या हाती पडलं.

सरपंच उत्साही माणूस. त्यांनी ठरवलं, की जपानने जगाला बोलावून जसं दाखवलं तसं आता आपण जपानला दाखवायचं. नाक्यावर फलक लागला: ‘जपानचे थोर उद्योगपती यांचे हार्दिक स्वागत’, आणि खाली उद्योगपतींच्या फोटोपेक्षा मोठा सरपंचांचा फोटो. शाळेच्या पोरांना लेझीम लावलं. समाजमंदिराला आतून रंग दिला, तो ओलाच राहिला आणि पाठ टेकणाऱ्या प्रत्येकाच्या सदऱ्यावर गुलाबी उमटला. मे महिन्यात वाळवून डब्यांत भरलेले राखीव पापड काढून त्यांचे मनोरे रचले. आणि आजोबांना दाखवायला धाकटीने मुद्दाम पावसात लाटून ठेवलेले, अर्धवट ओले, बुरशीचे ठिपके पडलेले पापड, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते गोठ्याच्या माळ्यावर ताडपत्रीखाली लपवले.

धाकटीने विरोध केला. “अवो, त्याला तेच तर दाखवायचं हाय.”

“काकी, पावन्याला कोन बुरशी दाखवतं? गावाची लाज हाय ती,” सरपंच म्हणाले. बायकाही त्यांच्या बाजूच्या. घरात पाहुणा आला की फाटकी गोधडी आत टाकायची, हे त्यांच्या हाडात होतं.

आजोबा आले, नात आली. पोरांनी लेझीम खेळलं. शाल दिली, नारळ दिला. आजोबांनी नारळ दोन्ही हातांत धरून ठेवला, कारण तो कुठे ठेवायचा हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मग सरपंच भाषणाला उभे राहिले, आणि मी नातीच्या शेजारी बसून इंग्रजी करू लागले.

“आमच्या गावात कशाचीही कमतरता नाही,” सरपंच म्हणाले.

मी तसंच सांगितलं. नातीने आजोबांना सांगितलं.

“आमच्या भगिनींचा उद्योग बारमाही जोरात चालू आहे.”

धाकटीने मला कोपराने ढोसलं. “ताई, खरं सांगा त्यांना.”

“तो जे बोलतो तेच सांगायचं असतं गो. मी भाषांतरात पदरचं घालत नाही.”

“मंग सुनेला गाडीत बसवायला तुमीच या,” ती म्हणाली आणि उठून गेली.

 सून समोरच, पापडांच्या मनोऱ्याशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की तिने निम्मं सामान मनात बांधलंय. इकडे आजोबा एक वाळका पापड मोडून, ऐकून, मान डोलावत होते. नात मला म्हणाली, “आजोबा म्हणतात, फार छान. यांना कसलीच मदत नको. त्यांना आनंद झाला.”

सरपंचांना मी हे मराठीत सांगितलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात धाकटी परत आली. हातात स्टीलची ताटली, आणि ताटलीत माळ्यावरचा एक पापड. सरपंच पुढे झाले. “काकी, तो नको. तो सादळलेला हाय.”

“हाय,” आजोबा लगेच म्हणाले आणि हात पुढे केला. आता सरपंच काय करणार?

आजोबांनी पापड उचलला आणि कड मोडायला गेले. मोडेना. त्यांनी तो दुमडला. दुमडून चार पदरी केला. तरी तुटला नाही. कानाशी नेऊन ऐकलं. ऐकू येण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग त्यांनी तो रुमालासारखा घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि वरून थोपटला. पहिल्यांदा सून हसली. मग पोरं. मग बायकांनी तोंडाला पदर लावले. सरपंच शेवटी हसले, पण खूप वेळ हसले.

आजोबा हसत नव्हते. त्यांनी धाकटीला विचारलं, म्हणजे नातीने मला आणि मी तिला, की असे आणखी कुठे आहेत. ती त्यांना गोठ्याकडे घेऊन गेली. त्यांनी बूट काढले, म्हशीला वाकून नमस्कार केला, आणि शिडी चढून माळ्यावर गेले. खालून आम्हाला नुसता ताडपत्रीचा आवाज येत होता आणि अधूनमधून त्या दोघांचं बोलणं.

“ह्याला बुरशी हाय.”

“हाय.”

“हिकडनं पानी गळतं हाय.”

“हाय, हाय.”

नात म्हणाली, इतके खूश आजोबा कारखाना सोडल्यापासून दिसले नव्हते. खाली उतरले तेव्हा त्यांच्या केसांत जाळं होतं आणि हातात मोजपट्टी.

त्यांनी खोली बांधून दिली नाही, हे सांगून टाकते. त्यांच्याकडे तसे पैसेही नव्हते. फलकावरचे थोर उद्योगपती म्हणजे मुलाने कारखान्यातून गोड बोलून घरी पाठवलेले म्हातारे गृहस्थ होते. पण त्यांच्या वडिलांच्या काळी चकत्या वाळवायचं एक लाकडी कपाट होतं. खाली भाताच्या तुसाची शेगडी, मध्ये जाळीचे कप्पे, वर हवा खेचणारा पंखा, आणि धूर आत येऊ नये म्हणून वेगळा पाइप. ते त्यांना डोळे मिटून काढता येत होतं. दोन दिवस माझ्याकडे महाडला राहून, माझ्या जेवणाच्या टेबलावर, त्यांनी ते काढलं. मी नातीच्या इंग्रजीवरून एकेका भागाची मराठी नावं लिहिली. नातीने माझ्या हाताखाली आमटी शिकून घेतली. महाडजवळ बिरवाडीत कारखान्यात वेल्डिंग करणारा आपल्या वाडीचा एक जण भाड्याने राहतो, त्याने सुटीच्या दिवशी येऊन सांगाडा जोडला. तो लाकडाऐवजी लोखंडाचा केला आणि आजोबांना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात एका ठिकाणी लाल रेघ मारून पाठवली. मला ते फार आवडलं.

मध्ये एकदा दालनाच्या साहेबांचा फोन आला. त्यांना म्हणे वर अहवाल पाठवायचा होता, आणि आमची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. “मॅडम, हे मी कशात दाखवू? कल्चरमध्ये की इन्व्हेस्टमेंटमध्ये?” मी फोन धाकटीला दिला. ती म्हणाली, “निसर्गात दाखवा. आमी हिरव्यात हाव.” साहेबांनी काय लिहिलं ते कळलं नाही.

कपाट पूर्ण होईपर्यंत तो पाऊस संपला होता. तरी सून थांबली. “करून बघू एक पावसाळा,” म्हणाली. तिच्या नवऱ्याने मुंबईत काम देऊ केलेल्या माणसाला ‘नंतर कळवतो’ सांगितलं.

आता यंदाचा पाऊस चालू आहे, आणि हे लिहायला बसले त्याचं कारण परवाचा प्रसंग. कपाट चालतं. बाहेर धो धो पडत असताना आत पापड कडक होतात; बायका रोज येतात, काम सुरू आहे. पण डोंगरातल्या पावसात एक कोरडी, उबदार जागा निर्माण झाली की तिच्यात फक्त पापड राहतील, असं समजणारे आजोबा भोळे, आणि त्यांचं भाषांतर करणारी मी त्याहून भोळी. परवा मी वर गेले तर धाकटी कपाटापुढे उभी राहून बोलत होती, आणि चार बायका खाली बघत उभ्या होत्या. पापडांच्या खालच्या कप्प्यात शाळेचे गणवेश होते, पायमोजे होते, एक परकर होता, आणि एका कोपऱ्यात गुंडाळी करून ठेवलेली सरपंचांची बनियन.

“काल पोलादपूरच्या दुकानदारानं पापड परत पाठवले,” ती मला म्हणाली. “म्हनतो, साबनाचा वास येतो.”

मी लगेच वेळापत्रक करायला घेतलं. सकाळी पापड, तिसऱ्या प्रहरी कप्पे पुसणे, संध्याकाळी कपडे, तेही घरटी दोनच. कोणी वाचलं नाही. धाकटी एकेक कपडा उचलून बाहेर फेकत सुटली. गणवेश सुनेच्या पोरांचे निघाले. सून पोळपाटावरून उठलीही नाही. लाटता लाटता म्हणाली, “आई, ऱ्हाऊ द्या ते. पोरं ओल्या कपड्यांत शाळेत जायची नायत. नायतर मी जाते मुंबईला, तिथं लॉन्ड्री हाय.”

गेल्या वर्षी हेच वाक्य ऐकून धाकटीला जेवण गेलं नसतं. परवा ती नुसतं म्हणाली, “जा की. पापड लाटून जा.” आणि वाकून, कुरकुरत, पापडांचे कप्पे एकेक घर खाली सरकवू लागली. सगळ्यात वरचा, पंख्याजवळचा कप्पा आता कपड्यांना दिला आहे, म्हणजे साबणाचा वास वरच्या वर जाईल. त्याच्यावर मी ‘ओला पंचा चालणार नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं, आणि निघताना माझी भिजलेली लोकरीची शाल तेवढी आत सारली. ती पंचा नाही.